ऊन, पावलं आणि थांबणं: प्रवासात शहराचे फोटो काढताना

शहरात फोटो काढताना आपण एकाच कॅमेऱ्याने तीन वेगळी कामं करत असतो. इमारत जागची हलत नाही, पण तिच्यावरचं ऊन तासातासाला सरकतं. तिथे वेळ निवडावी लागते. पुतळाही हलत नाही, पण त्याला चारी बाजू असतात; तिथे आपल्यालाच फिरावं लागतं. रस्त्यावर मात्र सगळंच हलत असतं, आणि तिथे आपण एका जागी थांबायचं असतं. नवख्या माणसाचं बहुतेक वेळा नेमकं उलट होतं. इमारतीसमोर पोचल्या पोचल्या फोटो, पुतळ्याचा समोरून एकच, आणि रस्त्यावर माणसांच्या मागे धावाधाव. ही सवय मोडली की फोटो लगेच सुधारतात, आणि त्यासाठी नवा कॅमेरा घ्यावा लागत नाही. खाली जे सांगतो आहे त्यातलं बरंचसं खिशातल्या फोनलाही लागू आहे.

निघण्यापूर्वी: नकाशा आणि सूर्य

आदल्या रात्री नकाशा उघडा आणि उद्या ज्या वास्तू बघायच्या आहेत त्यांचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते पाहा. एवढ्या एका कामाने दिवसाचा क्रम ठरतो. पूर्वेकडे तोंड असलेली वास्तू सकाळी, पश्चिमेकडे असलेली दुपारनंतर. जयपूरचा हवामहल पूर्वाभिमुख आहे. रस्त्याच्या बाजूची त्याची जाळीदार भिंत सकाळच्या उन्हात उजळते आणि दुपारनंतर सावलीत जाते. युरोपातल्या जुन्या कॅथेड्रलांचं बहुधा उलट असतं. त्यांची वेदी पूर्वेला आणि भव्य दर्शनी भाग पश्चिमेला, म्हणून सकाळी तिथे पोचलेल्या पर्यटकाला समोर काळपट भिंत आणि तिच्यामागे झगझगीत आकाश दिसतं. त्याने संध्याकाळी यायला हवं होतं.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याने १८९२ आणि १८९३ मध्ये फ्रान्समधल्या रुआँ इथल्या कॅथेड्रलच्या याच पश्चिम बाजूची तीसहून जास्त चित्रं रंगवायला घेतली. विषय तोच, भिंत तीच. बदललं ते ऊन, धुकं आणि प्रहर. प्रवासाआधी या मालिकेतली पाच-सहा चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघा. वेळ निवडणं म्हणजे काय ते त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही सूचनेतून कळणार नाही.

उत्तराभिमुख इमारतींचा विचार वेगळा करावा लागतो. कर्कवृत्ताच्या उत्तरेला भर दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच असतो. तिथल्या उत्तरेकडच्या भिंतींना उन्हाळ्यात अगदी सकाळी आणि अगदी संध्याकाळी तेवढं थोडं ऊन लागतं, हिवाळ्यात तर नाहीच. अशा वास्तूसाठी उन्हाची वाट बघण्यात अर्थ नाही. ढगाळ दिवस किंवा सूर्यास्तानंतरचा संधिप्रकाश धरा. दक्षिण गोलार्धात मकरवृत्ताच्या पलीकडे गेलात तर यातलं उत्तर-दक्षिण उलटं करून वाचा; पूर्व-पश्चिमेचा हिशोब तोच राहतो. सूर्य कुठल्या वेळी कुठून येईल हे नकाशावर रेघ काढून दाखवणारी सनकॅल्क, फोटोपिल्स यांसारखी साधनं आहेत. पण एकदा दिशा कळली की साधा कागदही पुरतो. एका बाजूला सकाळच्या जागा, दुसऱ्या बाजूला संध्याकाळच्या, आणि मधल्या रणरणत्या वेळेसाठी आतून बघायच्या वास्तू, संग्रहालयं, अरुंद गल्ल्या.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. एकच झूम लेन्स, फुल फ्रेम (म्हणजे ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर) हिशोबात २४ ते ७० किंवा १०५ मिलिमीटर, बहुतेक सगळ्याला पुरते. जास्तीची बॅटरी, जास्तीचं मेमरी कार्ड, मऊ कापड, आणि पायाला सवय झालेले बूट. फोन वापरणाऱ्यांनी कापड विसरूच नये. बोटाचा पुसट डागही रात्रीच्या दिव्यांना लांब शेपट्या फोडतो.

पोचल्यावर: आधी एक फेरी

जागेवर गेल्यावर कॅमेरा पिशवीतच राहू द्या आणि वास्तूभोवती, निदान तिच्या समोरच्या चौकातून, एक फेरी मारा. या फेरीत तीन गोष्टी शोधायच्या. जास्तीत जास्त लांब कुठे उभं राहता येईल? उंचावरून बघण्याची सोय आहे का: समोरच्या इमारतीचा जिना, गच्ची, पूल? आणि वास्तू आणि आपण यांच्यामध्ये काय येतं: तारा, दिव्याचे खांब, उभ्या गाड्या? साचलेलं पाणी, कारंजं, काचेचं दार अशी प्रतिबिंबाची जागाही याच फेरीत सापडते. या दहा मिनिटांचा मला कधीच पश्चात्ताप झालेला नाही. प्रसिद्ध वास्तूंच्या बाबतीत तर ही फेरी फारच महत्त्वाची, कारण गर्दी जिथे उभी राहून फोटो काढते ती जागा बसथांब्याजवळची किंवा प्रवेशद्वारासमोरची असते. ती सर्वांत चांगली असेलच असं नाही.

इमारत

इमारतीच्या फोटोतली पहिली अडचण म्हणजे भिंती आत झुकतात, सगळी वास्तू मागे कलंडल्यासारखी दिसते. कारण सोपं आहे. आपण खालून कॅमेरा वर उचलतो, त्यामुळे कॅमेऱ्यातला सेन्सर भिंतीला समांतर राहत नाही. वरचा भाग लांब पडतो, लहान दिसतो आणि उभ्या रेषा वर जाता जाता एकमेकींकडे सरकतात.

उपायही कारणातूनच निघतो: कॅमेरा कमीत कमी उचलावा लागेल अशा जागी उभं राहा. ४० मीटर उंचीच्या इमारतीपासून २० मीटरवर उभे असाल तर तिचा माथा डोळ्याच्या पातळीपासून सुमारे ६२ अंश वर असतो. तेच ८० मीटरवर गेलात की सुमारे २६ अंश. म्हणून मागे सरकून थोडं झूम करणं हे जवळून वाइड अँगल लावण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच सरस. फोनच्या ०.५ एक्स लेन्सचा मोह इथे आवरा. तिने इमारत मावते खरी, पण कडा ताणल्या जातात आणि मधली वास्तू दूर ढकलली जाते. मागे जायला जागा नसेल तर समोरच्या इमारतीचा दुसरा-तिसरा मजला गाठता येतो का बघा. उंचीच्या मध्याशी पोचलात की रेषा आपोआप सरळ होतात.

दोन्ही शक्य नसेल तर कॅमेरा सरळ, जमिनीला काटकोनात धरा. फोन उभा धरला तर वास्तू वरच्या अर्ध्यात आणि खाली बरीचशी फरशी येईल. ती नंतर कापून टाका, किंवा त्या मोकळ्या जागेत सावली, पाण्याचं डबकं, चालता माणूस असं काही येऊ द्या. व्यावसायिक छायाचित्रकार यासाठी शिफ्ट लेन्स वापरतात. तिच्यात कॅमेरा सरळ ठेवून फक्त लेन्स वर सरकवता येते. हौशी प्रवाशाला ती विकत घ्यायची गरज नाही, कारण आता हेच काम फोनवरच्या किंवा संगणकावरच्या एडिटिंगमध्ये होतं. मात्र त्यासाठी फोटो काढतानाच दोन्ही बाजूंना आणि माथ्यावर सढळ जागा सोडा. रेषा सरळ करताना कडेचे त्रिकोणी तुकडे कापले जातात. आणि फार खेचू नका. अगदी जवळून काढलेला मनोरा पूर्ण सरळ केला तर तो वरून रुंद झाल्यासारखा दिसतो, कारण वर पाहताना रेषा थोड्या मिटणार हे आपल्या डोळ्यांना ठाऊक असतं. थोडा कल राहू द्यावा. नाहीतर दुसरं टोक गाठा: भिंतीला खेटून उभे राहा आणि कॅमेरा सरळ आकाशाकडे करा. तेव्हा मिटत जाणाऱ्या रेषा हाच फोटोचा विषय होतो. अर्धवट झुकलेला फोटो तेवढा टाळायचा.

ऊन कुठून येतंय यावर कोरीवकामाचं सगळं दिसणं अवलंबून असतं. आपल्या पाठीमागून येणारं ऊन रंग छान दाखवतं, पण नक्षी सपाट करतं. बाजूने, भिंतीला घासत येणारं तिरपं ऊन प्रत्येक पाकळीला, कंगोऱ्याला सावली देतं. सूर्य भिंतीवर नुकताच येत असतो किंवा नुकताच निघत असतो ती वीस-पंचवीस मिनिटं यासाठी सोन्यासारखी. ढगाळ दिवशी निराश होऊ नका. बर्न्ड आणि हिला बेशर या जर्मन दांपत्याने पाण्याच्या टाक्या, भट्ट्या, खाणींवरचे मनोरे यांचे फोटो वर्षानुवर्षं मुद्दाम मळभ असलेल्या दिवशी काढले, कारण सावलीचा अडथळा नसला की वास्तूचा निव्वळ आकार दिसतो. काँक्रीटच्या आधुनिक इमारतींना हा प्रकाश फार शोभतो. अशा वेळी पांढरं आकाश फ्रेममध्ये कमीत कमी घ्या.

काचेच्या इमारती आकाशाचा आरसा असतात. पोलरायझर फिल्टर फिरवला की काचेतली चमक कमी-जास्त करता येते. काचेच्या पृष्ठभागाशी साधारण ३४ अंशांचा तिरका कोन असेल तेव्हा त्याचा परिणाम सर्वांत जास्त. धातूवरची चमक मात्र त्याने जात नाही. स्पेनमधल्या बिल्बाओच्या गुगेनहाइम संग्रहालयाचं टायटेनियमचं आवरण आकाशाप्रमाणे राखाडी, सोनेरी, निळसर होत राहतं, आणि ते तसं होऊ देणं हेच बरं.

सेटिंगच्या बाबतीत: एफ/८ (लेन्सचं छिद्र मध्यम), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० किंवा २००, आणि कॅमेऱ्यातली आडव्या पातळीची रेघ चालू. फोनवर ग्रिड चालू करा. समोरून, समतोल वास्तूचा फोटो घ्यायचा असेल तर अगदी मध्यावर उभे राहा; फरशीचा जोड किंवा दाराची चौकट धरून मध्य शोधा. अर्धं पाऊल चुकलं तरी खटकतं. मध्य जमत नसेल तर सरळ कोपऱ्यावर जा, म्हणजे एक बाजू उन्हात, एक सावलीत येईल आणि इमारतीला खोली मिळेल. पूर्ण वास्तू झाली की जवळ जा आणि तिचे भाग बघा: दाराच्या कड्या, छज्जाखालचे दगडी आधार, पावसाचं पाणी ओकणारी प्राण्यांची तोंडं, पायरीवर झिजून पडलेला खळगा. मला स्वतःला हेच फोटो जास्त आवडतात, कारण पोस्टकार्डावर ते सहसा नसतात.

आत शिरल्यावर

आत अंधार, आणि बहुतेक ठिकाणी ट्रायपॉडला मनाई. फ्लॅश बंद करा. त्याचा उजेड चार-पाच मीटरवर संपतो, उंच दालनात त्याने काहीच साधत नाही आणि जुन्या वास्तूंमध्ये बहुधा तो चालतही नाही. आयएसओ १६०० किंवा ३२०० पर्यंत खुशाल वाढवा. कोपर अंगाला चिकटवा, खांबाला टेका, श्वास सोडताना बटण दाबा आणि सलग तीन-चार फोटो घ्या; त्यातला एखादा हमखास स्थिर निघतो. घुमट किंवा छताची नक्षी हवी असेल तर जिथे कुणाच्या पायात येणार नाही अशा जागी कॅमेरा जमिनीवर उताणा ठेवा, घुमटाच्या बरोबर मध्याखाली, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि बाजूला व्हा.

रंगीत काचांच्या खिडक्यांचा फोटो घेताना प्रकाश काचेवर मोजा. फोनवर खिडकीवर बोट दाबून धरलं की मोजमाप तिथेच पक्कं होतं. भिंती काळ्या पडतील, पडू द्या. आतही वेळेचा हिशोब असतोच. बार्सिलोनातल्या साग्रादा फामिलियात पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या छटांच्या आहेत आणि पश्चिमेच्या लाल-केशरी. सकाळी दालन थंड रंगात न्हालेलं असतं आणि संध्याकाळी पेटल्यासारखं. तिथे तिकीट काढताना वेळ निवडली म्हणजे रंग निवडला.

पुतळे

पुतळ्यासमोर उभं राहिलं की आपण चेहरा बघतो. फोटोग्राफरने आधी पाठीमागचं बघायला हवं. डोक्यातून निघालेला दिव्याचा खांब, कानापाशी लटकणारी जाहिरात, खांद्यावर विसावलेली बसची खिडकी, हे सगळं डोळा विसरतो आणि कॅमेरा लक्षात ठेवतो. दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे, थोडं वाकून: मोकळं आकाश, गर्द झाड किंवा सावलीतली भिंत अशी एकसंध पार्श्वभूमी मिळेपर्यंत सरका. मगच चेहऱ्याकडे या.

अंतराचा नियम इमारतीसारखाच. चौथऱ्यासकट १० मीटर उंचीच्या पुतळ्याच्या पायाशी उभे राहून फोन वर केला की मोठे बूट आणि चिमुकलं डोकं असा माणूस दिसतो. उंचीच्या तिप्पट लांब गेलात, म्हणजे ३० मीटरवर, की डोक्याकडे बघण्याचा कोन जेमतेम १६ अंश उरतो आणि अंगाचं प्रमाण शिल्पकाराने ठेवलं तसं दिसतं. तिथून ८५ ते १३५ मिलिमीटरची लेन्स किंवा फोनची दोन-तीन पट झूम वापरा. अशी लेन्स पार्श्वभूमीही पुसट करते.

आता फिरा. बहुतेक पुतळ्यांची एक अधिकृत समोरची बाजू असते, पण शिल्पकाराने काम चहूबाजूंनी केलेलं असतं. फ्रेंच शिल्पकार रोदँचं 'कॅलेचे नागरिक' हे शिल्प तर सहा माणसांचं. त्यात एक समोरची बाजू अशी नाहीच. पाऊल टाकलं की एक चेहरा दुसऱ्यामागे जातो आणि तिसऱ्याचा हात पुढे येतो. अश्वारूढ पुतळा थेट समोरून घेतला तर घोड्याचं डोकं स्वाराचा चेहरा झाकतं. त्याला तिरप्या बाजूने, घोडा ज्या दिशेने वळला आहे त्या अंगाने घ्या. पुतळा जिकडे बघतो आहे त्या बाजूला फ्रेममध्ये थोडी जास्त जागा सोडा.

चेहऱ्यावरच्या प्रकाशाकडे मात्र नीट लक्ष हवं, कारण पुतळ्याच्या डोळ्यांना रंग नसतो. त्यांची नजर सावलीतून घडवलेली असते. अठराव्या शतकातला फ्रेंच शिल्पकार ऊदाँ यात निष्णात होता: बुबुळाच्या जागी खोल खळगा कोरून त्यात दगडाचा एक बारीक कण तो शिल्लक ठेवी. खळग्यात अंधार साठतो, कणावर प्रकाश पडतो आणि डोळा जिवंत वाटतो. अशा चेहऱ्यावर समोरून फ्लॅश मारला की खळगा भरून जातो आणि नजर नाहीशी होते. वरून-बाजूने येणारा प्रकाश शोधा. सकाळी साडेआठ-नऊचं किंवा दुपारी चारनंतरचं ऊन साधारण असं असतं, ऋतूनुसार मागेपुढे. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणी नुसत्या काळ्या दिसतात. रोदँने घडवलेल्या, कादंबरीकार बाल्झाकच्या प्लास्टरच्या पुतळ्याचे फोटो छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेनने १९०८ मध्ये चक्क चांदण्यात, दीर्घ एक्स्पोजर देऊन, म्हणजे प्रकाश बराच वेळ आत घेऊन काढले. दिवसा खडूसारखी वाटणारी ती आकृती त्या फोटोंत एखाद्या सुळक्यासारखी उभी राहते. पुतळ्यासाठी प्रकाश निवडणं किती दूरवर नेता येतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

एक्स्पोजरबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कॅमेरा जे समोर येईल ते मध्यम राखाडी करायला बघतो. पांढऱ्या संगमरवराने फ्रेम भरली की तो मळकट होतो. कॅमेऱ्यातली एक्स्पोजर कमी-जास्त करायची पट्टी अधिक एकपर्यंत वाढवा. काळपट ब्राँझने फ्रेम भरली की ते फिकट होतं, उणे करा. आणि तेच ब्राँझ उजळ आकाशापुढे असेल तर कॅमेरा आकाशाला भुलतो आणि पुतळा काळा ठिक्कर होतो. तेव्हा पुन्हा अधिक करा, किंवा मुद्दाम काळाच ठेवून छायाकृती घ्या. बाह्यरेषा ठसठशीत असेल, हात उंचावलेला किंवा घोडा उधळलेला, तर छायाकृती फार परिणामकारक होते.

शेवटी चौथऱ्यावरची पाटी. तिचा एक स्वच्छ, सरळ फोटो दर वेळी घ्या. घरी गेल्यावर कोणाचा पुतळा, कोणी घडवला, कधी बसवला हे आठवत नाही.

रस्ता

रस्त्यावर आधी रंगमंच शोधायचा आणि मग पात्राची वाट बघायची. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँचा फ्रान्समधल्या ह्येर या गावातला १९३२ चा प्रसिद्ध फोटो बघा: खाली वळत गेलेला जिना, लोखंडी कठडा, दगडी रस्त्याचं वळण, आणि त्या वळणावरून निघालेला एक सायकलस्वार. स्वार नसतानाही ती चौकट पूर्ण बांधलेली आहे. तसंच करा. दोन इमारतींमधून रस्त्यावर पडलेला उन्हाचा पट्टा, एखादी रंगीत भिंत, कमानीचं तोंड, पायऱ्या, पावसाने ओली झालेली फरशी, असं काही सापडलं की तिथे पंधरा-वीस मिनिटं थांबा. पहिली पाच मिनिटं लोकांना तुम्ही जाणवता. मग तुम्ही तिथल्या खांबासारखे होता आणि रस्ता नेहमीसारखा वाहू लागतो.

चालत्या माणसासाठी शटर स्पीड १/२५० सेकंद, सायकलसाठी १/५००. आयएसओ आपोआप ठरेल असा ठेवा. फोकसचा घोळ टाळायला जुनी युक्ती अजून उत्तम चालते. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २८ मिलिमीटरची लेन्स, एफ/८, आणि हाताने फोकस सुमारे ३.३ मीटरवर. मग साधारण १.७ मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं आणि क्षण आला की फक्त बटण दाबायचं राहतं. फोनचा सेन्सर लहान असल्याने तिथे हे बहुतांशी आपोआपच होतं.

चालणाऱ्याची पावलं फाकलेली असताना दाबा. पाय जुळलेले असले की माणूस उभा असल्यासारखा दिसतो. त्याच्या पुढे चालायला जागा ठेवा. दोन माणसं एकमेकांवर येऊ देऊ नका; मध्ये उजेडाची फट असली की प्रत्येक आकृती सुटी वाचता येते. पाऊस आला तर आडोशाला उभे राहा पण परत जाऊ नका. छत्र्या, ओल्या फरशीतले दिवे, काचेवरचे थेंब हे सगळं त्याच वेळी मिळतं.

माणसांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. लांबून झूम करून चोरून फोटो काढण्यापेक्षा जवळ, दिसेल असं उभं राहणं जास्त प्रामाणिक आणि फोटोही त्याचेच चांगले येतात. नजरानजर झाली तर हसा, कॅमेऱ्याकडे बोट करून खुणेने विचारा. हाताने नको म्हटलं की कॅमेरा खाली, आणि फोटो आधीच निघाला असेल तर त्यांच्यासमोर पुसून टाका. रस्त्यावर झोपलेला, आजारी, रडणारा माणूस हा विषय नाही. मुलांचे फोटो सोबतच्या मोठ्या माणसाला विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि डोळा कॅमेऱ्याला लावून रस्त्यात मागे मागे सरकणं कधीही नको. आधी भिंत किंवा खांब पाठीशी घ्या, पट्टा मनगटाला गुंडाळा.

कधी कधी नेमकी माणसंच नको असतात. पहाटे जाणं हा सरळ मार्ग. फ्रेंच छायाचित्रकार युजेन अॅत्जे याने जुन्या पॅरिसचे फोटो वर्षानुवर्षं बरेचदा भल्या सकाळीच काढले, म्हणून त्या रस्त्यांवर शुकशुकाट दिसतो. दुसरा मार्ग दीर्घ एक्स्पोजरचा. छायाचित्रणाचा आद्य प्रवर्तक दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसमधल्या एका गजबजलेल्या रस्त्याचा फोटो खिडकीतून घेतला तेव्हा प्लेटला काही मिनिटं प्रकाश द्यावा लागला. घोडागाड्या आणि माणसं तेवढ्या वेळात हलून गेली आणि उमटलीच नाहीत. उरला तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी स्थिर उभा असलेला एक जण. आज हेच करायला दहा स्टॉपचा एनडी फिल्टर लागतो, म्हणजे लेन्सवर लावायची गडद काच; दर स्टॉपला प्रकाश निम्मा होतो: १/६० सेकंदाचं एक्स्पोजर त्याने सुमारे १७ सेकंदांचं होतं आणि चालणारे लोक विरून जातात. फिल्टर किंवा ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा कट्ट्यावर टेकवून दहा-पंधरा सेकंदांच्या अंतराने तेवढेच दहा-पंधरा फोटो घ्या; संगणकावर ते एकमेकांवर ठेवून मध्यक (मीडियन) काढला की सरकत गेलेली माणसं निघून जातात.

संध्याकाळनंतर

सूर्य मावळला की बहुतेक जण निघून जातात, आणि शहराचा सर्वांत सुंदर प्रकाश त्यानंतर पंधरा-वीस मिनिटांनी सुरू होतो. आकाश गडद निळं असतं, दिवे लागलेले असतात आणि दोघांचा उजेड जवळजवळ सारखा असतो. विषुववृत्ताजवळ हा काळ भराभर सरतो. उत्तरेकडच्या शहरांत उन्हाळ्यात तासभरही रेंगाळतो. जागा आधी ठरवून तिथे सूर्यास्तालाच हजर राहा. कट्टा, पुलाचा कठडा, पिशवी, कशावरही कॅमेरा टेकवा, आयएसओ १००, टायमर, आणि एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजर. एलईडी पाट्यांवर आडवे पट्टे उमटले तर शटर विजेच्या वारंवारतेशी जुळवून बघा: ५० हर्ट्झच्या देशांत १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झच्या देशांत १/६० किंवा १/१२०. काही पाट्या तरीही ऐकत नाहीत. मग शटर आणखी मंद करा.

काय चालतं, काय नाही

स्वतःसाठी काढलेल्या फोटोला सार्वजनिक रस्त्यावर सहसा अडचण येत नाही, पण फोटो विकायचा किंवा जाहिरातीत वापरायचा म्हटलं की देशागणिक कायदा बदलतो. जर्मनी, ब्रिटन आणि भारतात सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या शिल्पांचे फोटो वापरायला कायद्याने मोकळीक आहे. अमेरिकेत ती इमारतींना आहे, पुतळ्यांना नाही. पॅरिसचा आयफेल मनोरा दिवसा कोणाच्याही हक्कात येत नाही, रात्रीच्या रोषणाईवर मात्र हक्क सांगितला जातो आणि व्यावसायिक वापरासाठी परवानगी मागावी लागते. माणसांच्या फोटोचा प्रश्न वेगळा: जर्मनीत ओळखू येणाऱ्या व्यक्तीचा फोटो प्रसिद्ध करायला सर्वसाधारणपणे तिची संमती लागते.

लष्करी जागा, पोलीस, विमानतळावरची तपासणी, दूतावास यांच्याकडे कॅमेरा वळवूच नका. व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलमध्ये फोटोला मनाई आहे. क्योतोच्या गिओन भागात खासगी गल्ल्यांमध्ये बंदी आहे, कारण पर्यटक तिथल्या गेइकोंचा, म्हणजे क्योतोतल्या गेइशांचा पाठलाग करू लागले होते. स्मारकांच्या जागी थोडं अधिक भान हवं. बर्लिनमधलं २,७११ काँक्रीट ठोकळ्यांचं स्मारक तिरप्या उन्हात विलक्षण दिसतं, त्याचे फोटो जरूर घ्या. पण ते नरसंहारात मारल्या गेलेल्या ज्यूंचं स्मारक आहे, त्या ठोकळ्यांवर चढून उड्या मारतानाचे नकोत.

मुक्कामावर परतल्यावर

त्याच रात्री फोटो दुसऱ्या ठिकाणी उतरवा, आणि कार्ड आणि ही प्रत वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. निवड मात्र त्या रात्री करू नका, थकलेल्या डोळ्यांना सगळंच आवडतं किंवा काहीच आवडत नाही. दोन दिवसांनी बसा. एका जागेचे वीस असतील तर दोन ठेवा. एडिटिंगचा क्रम असा: आधी क्षितिज आणि उभ्या रेषा, मग कापणं, मग उजेड-सावली, आणि रंग सगळ्यात शेवटी, तेही जपून, दगडाचा रंग दगडाचाच राहू द्या. मग पाटीचे फोटो समोर ठेवून प्रत्येक निवडलेल्या फोटोला नाव द्या: शहर, वास्तू किंवा पुतळा, घडवणाऱ्याचं नाव, आणि घड्याळातली वेळ. ही वेळ पुढच्या खेपेला त्याच शहरात जाताना सर्वांत जास्त उपयोगी पडते, आणि तिथे जाणाऱ्या दुसऱ्या कोणालाही.